बटाटा, ताक आणि तोंडी लावायला मीठ: जुन्या आयर्लंडच्या खेड्यात लोक जेवायचे तरी काय?

दरवर्षी १७ मार्च जवळ आला की इंटरनेट हिरवंगार होतं. हा आयर्लंडचा सण, संत पॅट्रिकचा दिवस. त्या आठवड्यात मोबाइलवर एक पाककृती हमखास फिरते: 'पारंपरिक आयरिश जेवण, कॉर्न्ड बीफ (म्हणजे खारवलेलं गोमांस) आणि कोबी'. माझी भाची तिथल्या कॉर्क शहरात नोकरीला आहे. पहिल्या वर्षी तिनं मोठ्या उत्साहानं घरमालकीण आजींना विचारलं, "आज तुमच्याकडे तेच का?" आजी हसल्या. म्हणाल्या, "ते अमेरिकेतल्यांचं. माझ्या आजोळी ते कुणी बघितलंसुद्धा नव्हतं."

"मग काय असायचं?"

"बटाटे."

"आणि?"

"आणखी बटाटे."

भाचीला ही थट्टा वाटली, पण आजी बऱ्याच अंशी खरं सांगत होत्या. हे आपल्याला कळायला एक भलं मोठं साधनही उपलब्ध आहे. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडमधल्या सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांना एक वेगळाच गृहपाठ दिला गेला: घरातल्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना जुन्या गोष्टी विचारा आणि वहीत लिहून आणा. जवळजवळ ५०,००० मुलांनी तो केला. त्यातला एक विषय होता 'पूर्वीचं अन्न'. अकरा-बारा वर्षांच्या पोरांच्या अक्षरातल्या त्या वह्या आज जपून ठेवलेल्या आहेत. त्या वह्या आणि इतर नोंदी वाचल्या की दिसतं, आयर्लंडचं जेवण हे कोड्यासारखं आहे. इतकं साधं की दोन ओळींत संपेल. पण ते तसं का होतं, हे विचारायला लागलं की जमीन, तिचं भाडं, लोणी, डुक्कर, धर्म सगळं त्यात येतं.

बटाट्याच्या आधी

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. आयर्लंडमध्ये तो सोळाव्या शतकाच्या अखेरीला पोचला. म्हणजे त्याआधी हजारो वर्षं हे लोक दुसरंच काही खात होते. ते दुसरं म्हणजे मुख्यतः दूध आणि ओट्स.

दुधापासून होणाऱ्या सगळ्या पदार्थांना आयरिश भाषेत एकच नाव होतं, 'पांढरं अन्न'. ताजं दूध, आंबवून घट्ट केलेलं दूध, दही, ताक, लोणी, तऱ्हेतऱ्हेचं चीज. आपल्याकडे गोधन म्हणतात तसं तिथे गाय हेच चलन होतं. दंड, हुंडा, कर्ज, सगळं गायींच्या हिशेबात. अर्थात चलन कापून कोण खाणार? म्हणून गोमांस सणासुदीला किंवा म्हाताऱ्या जनावराचं, रोजचं नाही.

ओट्सची पेज आणि ओट्सची कडक भाकरी हा दुसरा आधार. हवा इतकी ओली की गव्हाचं काही खरं नसे, ओट्स मात्र पावसाला पुरून उरत. जुन्या आयरिश कायद्याच्या ग्रंथांत एक मजेशीर तपशील सापडतो. मुलं दुसऱ्याच्या घरी वाढवायला ठेवायची चाल होती, आणि कोणत्या दर्जाच्या मुलाला कसली पेज द्यायची हे लिहून ठेवलेलं होतं. सामान्य माणसाच्या पोराला पाण्यात किंवा ताकात शिजवलेली ओट्सची पेज आणि शिळं लोणी. सरदाराच्या पोराला ताज्या दुधातली पेज आणि ताजं लोणी. राजाच्या पोराला गव्हाच्या पिठाची, दुधातली, वर मध. पंगतीतला भेद कायद्यानंच घालून दिलेला!

लोणी तर लोक दलदलीत पुरून ठेवत. तिथली दलदल थंड, आम्लधर्मी आणि हवाबंद असते, त्यामुळे तिच्यात काही कुजत नाही. आजही जळण कापताना कुणाच्या तरी कुदळीला लोण्याचा पिवळट-पांढरा गोळा लागतो, आणि त्यातले काही गोळे ३,००० वर्षांहून जुने निघाले आहेत.

एक जेवण, अगदी जवळून

आता १८३०च्या सुमाराला येऊ. पश्चिम आयर्लंडमधलं मजुराचं घर. एकच खोली, मातीची जमीन, मध्यभागी किंवा भिंतीला चूल. जळण म्हणजे टर्फ, दलदलीतून विटांसारखे कापून उन्हात वाळवलेले मातकट तुकडे. गोवरीसारखंच मंद जळतं, धूरही तसाच. आग कधी विझू द्यायची नाही. रात्री घरची बाई निखाऱ्यांवर राख ओढून संत ब्रिजिडचं नाव घेई आणि सकाळी तेच निखारे फुंकून फुलवी.

आगीवर तीन पायांचं बिडाचं काळं भांडं. त्यात सालीसकट बटाटे. शिजले की ते भांडं दाराबाहेर नेऊन वेताच्या पसरट टोपलीत उपसायचं, पाणी निथळू द्यायचं, आणि टोपली तशीच रिकाम्या भांड्यावर ठेवायची. हेच टेबल. घरातली सगळी माणसं भोवती बसणार, बाकावर, दगडावर, जमिनीवर. मध्ये एखाद्या वाटीत मिठाचं पाणी. ताट नाही, काटा नाही, चमचा नाही. बटाटा डाव्या हातात घ्यायचा, उजव्या अंगठ्याच्या नखानं साल सोलायची, मिठाच्या पाण्यात बुडवायचा आणि तोंडात. काही लोक त्यासाठी अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवत. साली टोपलीच्या कडेला जमत जात. त्या नंतर डुकराला आणि कोंबड्यांना. सोबत प्रत्येकाला ताक.

सकाळी हेच, दुपारी हेच, रात्री हेच.

आणखी एक गंमत आहे. कष्टाला जाणारे लोक बटाटे मुद्दाम पूर्ण शिजू देत नसत. आतला गाभा कच्चाच ठेवायचा. त्याला ते बटाट्याचं 'हाड' म्हणत, कुठे 'चंद्र' म्हणत, कारण बटाटा मधोमध कापला की मध्यभागी फिकट गोल दिसतो. मऊ शिजलेला बटाटा पोटात टिकत नाही, हाडाचा बटाटा टिकतो, असं त्यांचं म्हणणं.

मराठी वाचकाला यातली एक गोष्ट समजावून सांगायची गरजच नाही. आयरिश भाषेत 'अन्लन' असा शब्द आहे. बटाट्याबरोबर चवीला जे काही थोडंसं घ्यायचं ते अन्लन: मीठ, ताक, हेरिंग माशाचा तुकडा, लोणी, कांदा. इंग्रजीत याला धड शब्द नाही. आपल्याकडे आहे, 'तोंडी लावणं'. भाकरीबरोबर ठेचा, भाताबरोबर सुकटीची चटणी. पोट भरायचं ते मुख्य अन्नानं, तोंडी लावणं फक्त घास खाली उतरायला. आयरिश म्हण आहे, 'भूक हेच चांगलं तोंडी लावणं'. आपण म्हणतो, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा.

तोंडी लावणं फारच कमी असलं की विनोद सुरू होतात. 'बटाटे आणि बोट' नावाचं एक जेवण गरिबांच्या थट्टेत असायचं. आढ्याला एकच हेरिंग किंवा खारवलेल्या मांसाचा तुकडा टांगलेला. प्रत्येकानं घास खाण्याआधी बटाटा त्याच्याकडे दाखवायचा, आणि मग खायचा. चव आली समजायचं. खरोखर कुणी असं करत होतं की नाही ते सोडा. विनोद कुणी केला आणि कशावर केला, ते महत्त्वाचं.

पण नुसते बटाटे खाऊन माणूस जगेल?

ही पहिली शंका, आणि रास्त आहे. आपण बटाट्याकडे 'स्टार्च, वजन वाढवणारा' म्हणूनच बघतो. उत्तर असं की बटाटा बरंच काही देतो, अट एवढीच की तो ढिगानं खायला हवा. कष्टकरी पुरुष दिवसाला १२ ते १४ पौंड बटाटे खाई. म्हणजे साडेपाच ते सव्वासहा किलो. ही छापण्यातली चूक नाही.

हिशेब करून बघा. साडेपाच किलो बटाट्यांतून ४,००० कॅलरींच्या आसपास मिळतात. दिवसभर कुदळ मारणाऱ्या माणसाला त्या लागतातच. बटाट्यात प्रथिनं थोडीच, पण किलोंच्या हिशेबात शंभर ग्रॅमच्या आसपास जातात. क जीवनसत्त्व तर गरजेच्या कितीतरी पट. उणीव कशाची? कॅल्शियमची, बी-१२ची आणि स्निग्धांशाची. कॅल्शियम आणि बी-१२ ताक भरून काढतं. घुसळलेल्या ताकात लोण्याचे कण राहतात, ते वेगळेच. म्हणजे बटाटा आणि ताक ही जोडी आपल्या वरणभातासारखी आहे: एकात जे कमी ते दुसऱ्यात.

याचा एक पुरावा थेट आपल्याकडच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती होणाऱ्यांची उंची मोजून लिहिली जाई. त्या नोंदींत आयरिश जवान इंग्लंडमधल्या जवानांपेक्षा किंचित उंच आहेत. इंग्लंड श्रीमंत, आयर्लंड कंगाल, घर चिखलाचं, अंगावर चिंध्या. आणि तरी वाढत्या वयात पोटात पडलेलं अन्न बरं होतं.

उलटा पुरावाही आहे. १८४६-४७ मध्ये बटाट्याचं पीक रोगानं गेलं आणि लोक मक्याच्या पेजेवर आले, तेव्हा स्कर्व्ही दिसू लागला. हिरड्या सुजतात, पाय काळेनिळे पडतात, असा क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार. लोकांनी त्याला 'काळा पाय' असं नाव दिलं. बटाट्याच्या काळात हा रोग तिथे जवळजवळ कुणाला माहीतच नव्हता.

मग ते दुसरं काही का पिकवत नसत?

पिकवत होते की. ओट्स होतं, जव होता, घरात डुक्कर होतं, कुणाकडे गाय होती. पण हे सगळं खंडासाठी. खंड म्हणजे जमीनमालकाला द्यायचं भाडं, आणि जमीन बहुतेक ठिकाणी मोठ्या जमीनदारांची. ओट्स बाजारात, लोणी बाजारात, डुक्कर बाजारात. डुकराला तर लोक 'खंड भरणारे साहेब' म्हणत. ते घरात माणसांबरोबर राही, बटाट्याच्या साली खाऊन वाढे, आणि एक दिवस साहेब चालत बाजारात जात आणि पैसे होऊन परत येत.

सगळ्यात खालचा वर्ग होता 'कॉटियर'. हा असा मजूर की ज्याला शेतकऱ्यानं एक झोपडी आणि एकरभरापेक्षाही कमी तुकडा दिलेला, आणि त्याचं भाडं तो मालकाच्या शेतात राबून फेडणार. समजा तुमच्याकडे ३० गुंठे आहेत आणि घरात सहा माणसं. काय लावाल? त्या काळी एका एकरातून सहा टनांच्या आसपास बटाटा निघे, म्हणजे गुंठ्याला दीडशे किलो. तेवढ्याच जमिनीत धान्य लावलं तर निम्मी माणसंही जगली नसती. बटाट्याला नांगर लागत नाही, बैल लागत नाही, गिरणी लागत नाही. एक लांब दांड्याची कुदळ पुरे. डोंगरउतारावर, दगडगोट्यांत, दलदलीच्या काठावर त्यांनी गादीवाफे केले, किनाऱ्यावरून समुद्री शेवाळ पाठीवर वाहून आणून खत म्हणून घातलं. इंग्रज प्रवासी या वाफ्यांना 'आळशी वाफे' म्हणून हिणवत. एकदा तरी ओल्या डोंगरावर कुदळीनं वाफा ओढून बघायला हवा होता त्यांनी.

थोडक्यात, बटाटा ही त्यांची आवड होती, पण निवड नव्हती. १८४१च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ८० लाखांवर होती. त्यांतले जवळपास एकतृतीयांश लोक जवळजवळ पूर्णपणे बटाट्यावर होते.

लोणी, दांडा आणि दृष्ट

ज्यांच्याकडे गाय होती त्यांच्या घरातला सगळ्यात नाजूक दिवस म्हणजे घुसळणीचा. आपली रवी गरगर फिरते. आयरिश दांडा वर-खाली होतो. कमरेएवढं उभं, वर निमुळतं होत गेलेलं लाकडी पिंप, झाकणाला भोक, त्यातून दांडा, दांड्याच्या टोकाला भोकं पाडलेली लाकडी चकती. आत चारपाच दिवस जमवून आंबट केलेली साय. अर्धा तास, पाऊण तास, कधी त्याहून जास्त हात चालवायचा. आवाज बदलतो, दांडा जड होतो, झाकणाच्या भोकाशी दाणे दिसायला लागतात. मग सगळे श्वास रोखून बघत असतात, कारण लोणी कधीकधी येतच नाही.

शास्त्रीय कारण साधं: साय फार थंड किंवा फार गरम असली की स्निग्धाचे कण एकमेकांना चिकटत नाहीत. पण त्या घरात थर्मामीटर नव्हता, शेजारीण होती. लोणी आलं नाही म्हणजे कुणीतरी ते 'नेलं'. म्हणून नियम: घुसळण चालू असताना जो घरात पाऊल टाकेल, त्यानं दांडा हातात घेऊन चार हात मारायचेच, मग तो पाहुणा असो, पाद्री असो की भिकारी. न मारता परत गेला तर त्याच्या मनात काळंबेरं. पिंपाखाली कुणी घोड्याचा नाल ठेवी, कुणी मीठ टाकी. दृष्ट काढणाऱ्या आपल्या आज्यांना यात नवीन काय वाटणार!

१ मे म्हटलं की आपल्याला महाराष्ट्र दिन आठवतो. तिथे तो दिवस लोणी चोरीला जाण्याचा. त्या सकाळी शेजाऱ्याला दूध द्यायचं नाही, विस्तव द्यायचा नाही, विहिरीचं पाणीही नाही. दिलं तर वर्षभराचं लोणी त्याच्या घरी गेलं समजा.

एवढ्या जिवापाड जपलेलं लोणी खाल्लं कुणी? कॉर्क शहरात १७७०च्या सुमाराला लोण्याचा बाजार रीतसर उभा राहिला आणि पुढे जगातला सगळ्यात मोठा बाजार ठरला. खेड्यांतून खारवलेलं लोणी लाकडी पिंपांत भरून, घोड्यांवर लादून तिथे यायचं, तपासणीस प्रत ठरवायचे, आणि ते जहाजानं वेस्ट इंडीजपर्यंत जायचं. घरात उरायचं ताक. गुजराती-मारवाड्यांच्या दुकानात तूप घालून स्वतः ताकावर जेवणारा आपल्याकडचा गवळी आठवतो, अगदी तसंच.

उपाशी जुलै

धान्य कणगीत किंवा पेवात भरलं की दोन-तीन वर्षंही टिकतं. बटाटा नाही टिकत. जमिनीत खड्डा करून, गवत-माती घालून त्यांनी तो झाकून ठेवला, तरी मे उजाडेपर्यंत त्याला मोड येऊन तो सुरकुततो. नवं पीक निघणार ऑगस्टच्या पुढे. मधले दोन-तीन महिने काय? त्याला नावच होतं 'उपाशी जुलै', किंवा 'कोबीचा जुलै', कारण तेव्हा भांड्यात कोबीच असायचा. उधारीवर ओट्सचं पीठ आणायचं, पुरुषांनी इंग्लंड-स्कॉटलंडला कापणीला जायचं, बायकामुलांनी रानावर जगायचं. खाजकुयलीसारखं अंगाला लागणारं नेटल नावाचं पान शिजवलं की पालकासारखं होतं. वसंतात ते तीनदा खाल्लं की वर्षभर रक्त शुद्ध राहतं, असाही समज. रानमोहरीची भाजी. किनाऱ्यावर खडकाचे शिंपले आणि डल्स नावाचं जांभळं शेवाळ. आपल्याकडे आषाढ-श्रावणात टाकळा-कुर्डू निघतात, त्या दिवसांतली आदिवासी पाड्यांवरची उपासमार ज्यांनी बघितली आहे, त्यांना हे चित्र परकं नाही.

दर उन्हाळ्यात अशी थोडी उपासमार होती, आणि तरी दर ऑगस्टला सुटका होती. १८४५ मध्ये ती झाली नाही. त्या सप्टेंबरात पानांवर काळे डाग दिसले आणि शेतांतून कुजका वास यायला लागला. रोगाचं नाव आपल्या शेतकऱ्यांना पाठ आहे: करपा. जुन्नर-नारायणगावच्या टोमॅटोवर, खेड-मंचरच्या बटाट्यावर ढगाळ, दमट हवेत पडतो, तोच उशिराचा करपा. आज त्याच्यावर फवारा असतो. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये सापडलं ते १८८०च्या दशकात, म्हणजे आयर्लंडला चाळीस वर्षं उशिरा. शिवाय तिथे गरिबाच्या शेतात एकच जात, 'लंपर'. पाणचट, पण भरघोस. बटाटा बटाट्यापासूनच लावतात, बीपासून नाही, त्यामुळे सगळी झाडं एकमेकांच्या नकला. गावातल्या प्रत्येक दाराला एकच कुलूप असलं तर चोराला एकच किल्ली पुरते.

१८४५ला पिकाचा तिसरा ते निम्मा हिस्सा गेला, १८४६ला जवळजवळ सगळं गेलं. १८५२पर्यंत सुमारे १० लाख माणसं मेली आणि आणखी १० लाखांहून जास्त देश सोडून गेली.

समुद्र होता ना? मासे का नाही खाल्ले?

बेटावर राहून लोक उपाशी मेले, हे कुणालाही पटत नाही. पण पश्चिम किनाऱ्याला अटलांटिक खवळलेला असतो, आणि गरिबाची होडी म्हणजे लाकडी सांगाड्यावर ताणलेलं कातडं किंवा कॅनव्हास. खोल समुद्रात जाऊन मोठी मासळी आणायला ती पुरत नाही. मीठ महाग, बंदरं थोडी. आणि पहिल्याच हिवाळ्यात पीठ आणायला पुष्कळ कोळ्यांनी जाळी गहाण टाकली. कोळ्याचंही मुख्य अन्न बटाटाच होतं, मासा तोंडी लावायला.

आणि धान्य? ते होतं. ओट्स, लोणी, डुकरं बंदरांतून बाहेर जातच राहिली. १८४७ मध्ये आयात निर्यातीपेक्षा वाढली, पण विकत घ्यायला पैसा कुणाकडे? ब्रिटिश सरकारनं उघडलेल्या सूप-केंद्रांतून त्या उन्हाळ्यात दिवसाला ३० लाख लोकांना अन्न दिलं गेलं, आणि काही महिन्यांत ती केंद्रं बंदही केली. १८७६च्या आपल्या दुष्काळात धान्य असूनही खेडी ओस पडली, ती कथा वेगळी सांगायला नको. मदत मात्र उलट्या दिशेनंही गेली आहे: १८४६च्या सुरुवातीला, अगदी पहिल्या मदतनिधींपैकी एक कलकत्त्यात उभा राहिला आणि त्यातून सुमारे १४,००० पौंड जमले.

पिवळं पीठ, सोडा आणि चहा

दुष्काळात सरकारनं अमेरिकेतून मका मागवला. कडक दाणा, दोनदा दळल्याशिवाय खाण्याजोगा नाही, आणि शिजवायचा कसा हे कुणाला माहीत नाही. अर्धकच्चा खाऊन लोकांची पोटं बिघडली. तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान होते रॉबर्ट पील. म्हणून पिवळ्या पिठाला नाव पडलं 'पीलचा गंधक'. पण हेच पीठ पुढे कित्येक दशकं पेजेच्या रूपात घरोघर राहिलं.

आज 'आयरिश' म्हणून ओळखला जाणारा सोडा ब्रेडही फार जुना नाही. खाण्याचा सोडा तिथे १८३०च्या दशकानंतर पसरला. आयरिश गहू मऊ, चिवट कणीक होत नाही, म्हणून यीस्टनं फुगत नाही. पण घरात ताक होतं. ताक आंबट, सोडा त्याच्या विरुद्ध; दोघं भेटले की बुडबुडे सुटतात. इन्स्टंट ढोकळ्याचं तंत्र तेच. पीठ, मीठ, सोडा, ताक, दोन मिनिटांत हलक्या हातानं गोळा, वर सुरीनं क्रॉस, आणि बिडाच्या भांड्यात ठेवून झाकणावर निखारे. कोकणात धोंडस असाच वर-खाली विस्तव घालून होतो. क्रॉस कशाला? धार्मिक माणूस म्हणेल आशीर्वादासाठी, खट्याळ म्हणेल आतल्या पऱ्या बाहेर पडाव्यात म्हणून. खरं तर जाड गोळ्याच्या पोटापर्यंत आच जाते.

चहा खेड्यात रुजला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अंड्यांचा पैसा घरच्या बाईचा, त्यातून ती चहा-साखर आणी. किटली दिवसभर चुलीच्या कडेला. चहा एवढा कडक हवा की 'त्यावरून उंदीर दुडक्या चालीनं पळाला पाहिजे', असं ते म्हणतात. आजही आयर्लंड चहा पिण्यात जगात अगदी पुढे आहे, आणि त्यांच्या मिश्रणांत आसामचा चहाही असतो. माझं मत विचाराल तर इथे एक उलटं घडलं: दुष्काळानंतर जेवणात प्रकार वाढले, पण दुकानचा पांढरा पाव आणि गोड चहा यांवर वाढलेलं पोर बटाटा-ताकावर वाढलेल्या आजोबांपेक्षा चांगलं पोसलं गेलं असेल, असं मला वाटत नाही.

मग कॉर्न्ड बीफ कुठून आलं?

'कॉर्न' म्हणजे इथे मका नव्हे, मिठाचे जाडे दाणे. त्यांत मुरवलेलं गोमांस ते कॉर्न्ड बीफ. कॉर्कहून ते पिंपं भरभरून आरमाराला आणि परदेशी जाई. स्थानिक गरिबाला परवडत नसे. दुष्काळानंतर परिस्थिती जरा सुधारली, तेव्हा खेड्यातल्या घरात खारवलेलं डुकराचं मांस आणि कोबी शिजू लागला, आणि तेच रविवारचं जेवण ठरलं. अमेरिकेत गेलेल्यांना मात्र गोमांस स्वस्त मिळालं, बऱ्याचदा ज्यू खाटकांकडून. त्यांनी कोबी तोच ठेवला, मांस बदललं.

आणि हे सगळं रोज नसे, हेही सांगायला हवं. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस लेंट नावाचा उपवास. जुन्या काळी मांस तर नाहीच, अंडं, दूध, लोणीही नाही. सुरू होण्याच्या आदल्या दिवशी घरातली अंडी-लोणी पॅनकेकमध्ये संपवायची. ही त्यांची गटारी. मग चाळीस दिवस बटाटे, कोरडा पाव, हेरिंग. खाटकांचा धंदा इतका बसे की उपवास संपताना काही गावांत ते हेरिंगची धिंड काढून त्याला काठ्यांनी बडवत आणि नदीत फेकत. ईस्टरच्या सकाळी पुरुषांत पैज, कोण जास्त उकडलेली अंडी खातो.

भाचीनं हे आजींकडून ऐकलं, आणि तिनंही आपल्या उपवासाचं सांगितलं. पुढच्या एकादशीला तिनं खिचडी केली आणि आजींना एक बशी नेऊन दिली. आजींनी चमच्यानं साबुदाणे बाजूला सारले, आतली बटाट्याची फोड उचलून बघितली आणि विचारलं, "थांब. तुमच्याकडे उपाशी राहायचं ठरवलं, की बटाटा खातात?"

"हो."

आजी बराच वेळ फोडीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मीठ दे जरा."